परदेशी खेळाडू, झेंडा आणि आपल्या टाळ्या

कळफलक (धागाकर्ता)

हांगझोउच्या आशियाई स्पर्धेतला 'लीग ऑफ लेजंड्स' या पाच-पाच जणांच्या संगणक खेळाचा उपांत्य सामना परवा पुन्हा बघितला. सप्टेंबर २०२३, दक्षिण कोरिया विरुद्ध चीन. निकाल पाठ होता. तरी बघत बसलो, कारण पहिल्या वेळी जिकडे लक्षच गेलं नव्हतं, ते आता डोक्यातून जात नाहीये.

कोरियाच्या जर्सीत रूलर आणि कानावी होते. समोर चीनच्या जर्सीत नाइट. हे तिघं ते अख्खं वर्ष एकाच क्लबात, चीनच्या जेडी गेमिंगमध्ये खेळत होते. तिघांनी मिळून चिनी लीगचे दोन्ही मोसम जिंकले होते आणि लंडनला मिड-सीझन इन्व्हिटेशनल ही आंतरराष्ट्रीय स्पर्धाही. रोज शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाच्या खोडी जितक्या कळतात, तितक्या कानावीला नाइटच्या कळत असणार. त्या दिवशी त्या सगळ्या त्याच्याविरुद्ध वापरायच्या होत्या. कोरिया २-० ने जिंकली, पुढे चिनी तैपेईला हरवून सुवर्णही घेतलं, आणि त्या सुवर्णामुळे खेळाडूंना सक्तीच्या लष्करी सेवेत सवलत मिळाली.

दीड महिन्याने बुसानला याच खेळाच्या, पण क्लबांच्या विश्वस्पर्धेचा उपांत्य सामना झाला. जेडी गेमिंग विरुद्ध कोरियाचा क्लब टी-वन. आता रूलर आणि कानावी नाइटच्या बाजूला, आणि समोर फेकर, झ्यूस, केरिया. ज्यांच्यासोबत गळ्यात पदक घालून उभे राहिले, तेच. शहर कोरियातलं, प्रेक्षक कोरियाचे, आणि सगळा जल्लोष टी-वनसाठी. टी-वन ३-१ ने जिंकली.

या दोन सामन्यांत रूलर कुणाशी प्रामाणिक होता? माझं उत्तर: दोन्ही वेळा, दोघांशीही. पण लाइव्ह चॅटमध्ये दोन्ही वेळा त्याला 'गद्दार' म्हणणारे होते, फक्त माणसं बदलली होती. हे मला फार लागलं.

म्हणून हा धागा. परदेशी खेळाडूंवर मर्यादा असावी का, असल्यास कशासाठी, आणि खेळाडूकडून देशनिष्ठा मागायचा आपल्याला कितपत हक्क आहे? माझं मत आधीच सांगतो. मर्यादा काही ठिकाणी हवी. पण ती निष्ठेच्या नावाखाली घातली की तिचं वाटोळं होतं.

---

जुना_झर्ग

धागा बघून राहवलं नाही. मी 'स्टारक्राफ्ट'वाला (एकास एक खेळायचा डावपेचांचा संगणक खेळ), त्यामुळे या वादाचा जुना रहिवासी म्हणा.

आमच्याकडे 'फॉरेनर' या शब्दाचा अर्थच वेगळा आहे. फॉरेनर म्हणजे जो कोरियन नाही तो. स्वीडनमधला खेळाडू स्वीडनमध्ये बसून स्वतःला फॉरेनर म्हणतो! खेळाचं घर कुठे आहे हे इतकं ठरून गेलं होतं. २००० साली गियोम पात्री या कॅनडाच्या खेळाडूने कोरियाची स्टारलीग जिंकली, त्यानंतर बाहेरच्यांसाठी कोरियात दुष्काळच पडला.

मग २०१३ साली हा खेळ बनवणाऱ्या ब्लिझार्डने वर्ल्ड चॅम्पियनशिप सिरीज तीन विभागांत वाटली: कोरिया, युरोप, अमेरिका. पण कोण कुठून खेळेल यावर बंधन ठेवलं नाही. परिणाम काय झाला? त्या वर्षी युरोप आणि अमेरिका मिळून सहा विजेतेपदं होती, आणि सहाही कोरियन खेळाडूंनी नेली. वर्षाच्या शेवटी अंतिम १६ जणांत एकच बिगर-कोरियन, स्वीडनचा नानिवा.

तेव्हा मी रात्र रात्र जागून 'युरोप'चा सामना बघायचो आणि पडद्यावर दोन कोरियन खेळाडू असायचे. खेळ अप्रतिम. पण युरोपातला जो पोरगा कॉलेज सोडून पूर्णवेळ खेळायला बसला होता, तो पहिल्या फेरीत घरी जायचा. बक्षीस नाही, मग स्पॉन्सर नाही, मग सहा महिन्यांत खेळणंच बंद. अशी कितीतरी नावं मी गळताना पाहिली.

२०१५ मध्ये विभागात खेळायला तिथल्या वास्तव्याची अट आली आणि २०१६ मध्ये कोरिया व उर्वरित जग असे दोन सवते मार्गच झाले. अंतिम स्पर्धेत दोन्हीकडून आठ-आठ जण. दोनच वर्षांत, २०१८ ला, फिनलंडचा सेराल जगज्जेता झाला. अंतिम सामन्यात कोरियाच्या स्टॅट्सला ४-२ ने हरवून. पहिला बिगर-कोरियन जगज्जेता! त्या रात्री मी रडलो होतो, हे सांगायला लाज वाटत नाही.

तेव्हा मर्यादा हवी. त्यासाठी देशभक्तीचं कारण द्यायची गरज नाही. शिडीच्या खालच्या पायऱ्या शाबूत राहायला हव्यात, एवढंच.

---

तिसरा_मॉनिटर

जुना_झर्ग यांना अनुमोदन. पायऱ्यांचा मुद्दा एकदम बरोबर.

---

चांदणी_रात्र

मी थोडी असहमत आहे, झर्गदादा. सेरालचं श्रेय कुंपणाला, म्हणजे कोरियनांना वेगळं ठेवणाऱ्या त्या नियमाला, देताना तुम्ही अर्धीच गोष्ट सांगताय.

कुंपण पडलं त्याच सुमारास कोरियाचं घरच आतून पोखरलं गेलं होतं. मॅच-फिक्सिंगची प्रकरणं बाहेर आली. लाइफ, २०१४ चा जगज्जेता, २०१६ च्या सुरुवातीला अटकेत होता. त्याच वर्षी प्रोलीग ही तिथली सांघिक लीग बंद पडली, टीम विसर्जित झाल्या. ज्या टीम-हाऊसमध्ये रोज दहा-बारा तास सराव व्हायचा ती घरंच उरली नाहीत. नवी पिढी येईनाशी झाली. म्हणजे इकडची पातळी चढली तशी तिकडची भरतीही ओसरली.

दुसरं, अमेरिकेच्या नीबने कोरियात जाऊन केस्पा कप जिंकला तो २०१६ मध्येच. कुंपणाला वर्षही झालं नव्हतं. तो घरच्या सुरक्षिततेमुळे नाही, थेट कोरियनांना हरवून जिंकला. कॅनडाच्या स्कार्लेटचंही तेच. ती कोरियात राहून, जीएसएल ही तिथली मुख्य लीग खेळून घडली, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये प्योंगचँगच्या हिवाळी ऑलिम्पिकच्या तोंडावर तिथे झालेली आयईएम स्पर्धा तिने एसओएसला ४-१ ने हरवून जिंकली. एसओएस दोनदा जगज्जेता झालेला खेळाडू. इतकी मोठी स्टारक्राफ्ट टू स्पर्धा जिंकणारी ती पहिली स्त्री.

आणि एक गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. कोरियाच्या जीएसएलने बाहेरच्यांना दार कधी बंद केलं नाही. उलट २०११ मध्ये अमेरिकेच्या एमएलजी या स्पर्धा-आयोजक संस्थेशी करार करून वरच्या गटात त्यांच्यासाठी जागा ठेवल्या. ज्यांच्याकडे आपण शिकायला जात होतो, त्यांनाच आपण दाराबाहेर उभं केलं. नियम कागदावर कितीही शहाणा असो, ज्याने आधीच बिऱ्हाड हलवलं होतं त्याच्या पोटात काय झालं असेल?

---

जुना_झर्ग

@चांदणी_रात्र, प्रोलीगचा मुद्दा मान्य. मी तो टाळायला नको होता. पण सेराल २०१८ मध्ये फक्त अंतिम स्पर्धा जिंकला नाही. 'जीएसएल विरुद्ध जग' ही स्पर्धाही त्याने कोरियात जाऊन जिंकली. मध्ये दोन-तीन वर्षं घरच्या सर्किटवर तगून राहिला म्हणून तो तिथवर पोचला, हे मी सोडणार नाही.

---

चांदणी_रात्र

तगून राहणं महत्त्वाचं, त्यावर वाद नाहीच. माझा वाद त्याची किंमत कुणी मोजली यावर आहे. पोल्टचंच बघा. कोरियाचा खेळाडू, टेक्सासमध्ये शिकायला राहिला, तिथूनच स्पर्धा खेळला, मुलाखती इंग्रजीत द्यायला लागला. अमेरिकेचे प्रेक्षक त्याला कौतुकाने 'कॅप्टन अमेरिका' म्हणायचे. पासपोर्ट कोरियाचाच होता. त्या नावात जी आपुलकी आहे ती कुठल्या नियमाने आली नाही, तो तिथे राहिला म्हणून आली. २०१५ ची वास्तव्याची अट मला म्हणूनच पटते. ती रक्त विचारत नाही, मुक्काम विचारते.

---

कळफलक (धागाकर्ता)

'रक्त नाही, मुक्काम'. नेमकं हेच मला म्हणायचं होतं आणि शब्द सापडत नव्हते.

लीग ऑफ लेजंड्सचा नियमही याच विचाराचा आहे. २०१४ च्या विश्वस्पर्धेनंतर कोरियातल्या सॅमसंगच्या दोन्ही टीमचे दहाच्या दहा खेळाडू चीनला गेले. जगज्जेती टीम एका महिन्यात रिकामी झाली. २०१५ पासून खेळ बनवणाऱ्या रायटने सांगितलं की पाचांतले किमान तीन स्थानिक हवेत, आणि ठरावीक काळ एका विभागात राहिलेला बाहेरचा खेळाडूही पुढे स्थानिक धरला जाईल. म्हणजे दार बंद नाही, उंबरठा आहे.

आणि गेलेल्यांनी त्या मातीला काय दिलं तेही बघा. २०१८ मध्ये इन्व्हिक्टस गेमिंग या चिनी क्लबने चीनला पहिलं विश्वविजेतेपद मिळवून दिलं. त्यात रूकी आणि दशाय हे कोरियन, आणि अंतिम सामना झाला कोरियातच, इंचनला. रूकी तोवर चार वर्षं चीनमध्ये होता.

---

हेडसेट_काढून

मी जरा खेळाडूच्या खुर्चीतून बोलतो. मोठा खेळाडू नाही. हौशी गटात दीड वर्ष 'काउंटर-स्ट्राइक' या पाच-पाच जणांच्या गोळीबाराच्या खेळाच्या अशा टीममध्ये खेळलो जिथे पाचांपैकी मी एकटा बाहेरचा. बाकी चौघं एका भाषेचे, माझी वेगळी, म्हणून हेडसेटवर सगळ्यांनी मोडक्या इंग्रजीत बोलायचं असं ठरलेलं.

बाहेरून बघणाऱ्याला निष्ठेचा प्रश्न झेंड्याचा वाटतो. आत बसलं की तो भाषेचा असतो. राउंड शांत असेपर्यंत सगळे इंग्रजीत बोलायचे. दोन जण पडले, बॉम्ब टिकटिक करायला लागला की चौघंही आपल्या भाषेत ओरडायचे. त्या तीन सेकंदांत मी आंधळा. शत्रू कुठून येतोय ते चौघांना माहीत, मला नाही. कुणी मुद्दाम करत नव्हतं. घाबरल्यावर माणूस आईच्याच भाषेत बोलतो.

मी काय केलं? त्यांच्या भाषेतले चाळीसेक शब्द पाठ केले. डावीकडे, वर, थांब, एकच उरला, मी आलो. व्याकरण शून्य. पण ज्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरून त्यांच्या भाषेत ओरडलो, त्या दिवशी कॅप्टन सामना संपल्यावर काही बोलला नाही, नुसता खांद्यावर हात ठेवून गेला. त्यानंतर मला कुणी 'बाहेरचा' म्हटलं नाही.

म्हणून डॉइनबीबद्दल मला अपार आदर आहे. कोरियाचा मुलगा, चीनमध्ये गेला, चिनी इतकी शिकला की 'लीग ऑफ लेजंड्स'च्या फनप्लस फीनिक्स या चिनी क्लबचा आवाजच तो होता. सामना चालू असताना चिनी भाषेत अखंड हुकूम द्यायचा. २०१९ ला पॅरिसमध्ये युरोपच्या जीटू ला ३-० ने हरवून विश्वविजेते झाले. याला भाडोत्री म्हणायचं?

---

चांदणी_रात्र

@हेडसेट_काढून, हे फार सुंदर लिहिलंत. त्या चाळीस शब्दांवर वेगळा लेख लिहा, मनापासून सांगते.

---

सावध_पाऊल

भावना समजतात, पण दुसरी बाजू कुणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो.

प्रेक्षकाला आपला माणूस हवा असतो, आणि त्यात काही वाईट नाही. २०१४ मध्ये कातोवित्सेला पोलंडच्या पाच जणांच्या व्हर्टस प्रोने मेजर, म्हणजे 'काउंटर-स्ट्राइक'ची सर्वांत मानाची स्पर्धा, जिंकली तेव्हाचा आवाज आठवा. पुढे ॲस्ट्रॅलिस डेन्मार्कची, पाचही जण डॅनिश, चार मेजर जिंकली. एका छोट्या देशातली मुलं शाळेतून आल्यावर त्यांच्यासारखं खेळायला बसायची. हे नातं पैसे देऊन विकत मिळत नाही.

याउलट 'ओव्हरवॉच' या दुसऱ्या सांघिक खेळाची ओव्हरवॉच लीग. टीमना शहरांची नावं दिली, आणि २०१८ च्या पहिल्याच मोसमात लंडन स्पिटफायर जिंकली. सगळे खेळाडू कोरियन. त्या खेळाडूंविषयी मला आदरच आहे, त्यांनी आपलं काम चोख केलं. पण टीमच्या नावातलं 'लंडन' तेवढं नावापुरतंच राहिलं. लीगचे सामने अमेरिकेत, खेळाडूंचं येणंजाणं कोरियात. लंडनमधल्या पोराने त्या टीमकडे आपली टीम म्हणून कशाच्या आधारावर पाहायचं? ती लीग २०२३ नंतर बंद झाली. कारणं पुष्कळ होती, पैशाचं गणित मुख्य, पण मुळं न धरलेलं झाड वाऱ्याला लवकर पडतं.

तेव्हा 'मुक्काम' हा निकष घ्यायचा तर टीमलाही लावा. खेळाडू परका असला तर चालेल, टीम परकी चालणार नाही.

---

कळफलक (धागाकर्ता)

@सावध_पाऊल, शेवटचं वाक्य वाचून थांबलो. याचा मी विचारच केला नव्हता. आपण कायम खेळाडूकडून निष्ठा मागतो. क्लब शहर बदलतो, स्पॉन्सर बदलतो, रोस्टर एका रात्रीत मोडतो, तेव्हा कुणी 'गद्दार' म्हणत नाही.

---

पाचवा_नकाशा

एकाच देशाचे पाच असले की मुळं धरतात हे मात्र पूर्ण पटत नाही. २०२२ ला अँटवर्पची मेजर जिंकलेली फेझ आठवा. कॅरिगन डेन्मार्क, रेन नॉर्वे, ट्विस्ट कॅनडा, रॉप्झ एस्टोनिया, ब्रोकी लॅटव्हिया. पाच माणसं, पाच देश. असा संघ मेजर जिंकू शकत नाही असं तोपर्यंत लोक ठामपणे सांगायचे. आणि २०२३ ला पॅरिसमध्ये व्हिटॅलिटी जिंकली तेव्हा संघात दोन फ्रेंच, दोन डॅनिश आणि एक इस्रायलचा. पॅरिसच्या लोकांनी कुणाला कमी टाळ्या दिल्या नाहीत.

पण मला लिहायचंय ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. युद्ध.

नाटस व्हिन्सेरे हा युक्रेनचा क्लब. २०२१ ला स्टॉकहोमची मेजर त्यांनी एकही नकाशा (सामन्यातला एक डाव) न गमावता जिंकली, ते कुणालाच त्याआधी जमलं नव्हतं. पाचांपैकी सिंपल आणि बिट युक्रेनचे, उरलेले तिघं रशियाचे. चार महिन्यांनी युद्ध सुरू झालं. त्याच आठवड्यात कातोवित्सेला सिंपल मंचावर उभा राहिला. मी आयुष्यभर वेगवेगळ्या देशांच्या खेळाडूंसोबत खेळलो, हे माझे खरे मित्र आहेत, आम्हाला शांतता हवी आहे, अशा आशयाचं बोलला. शेजारी त्याचे रशियन सहकारी. घर जळत असताना हे बोलायला काय लागत असेल!

पुढे मे महिन्यात कॅप्टन बूम्बलला क्लबने सोडलं. इलेक्ट्रॉनिक आणि परफेक्टो २०२३ पर्यंत राहिले. आता रोस्टर आंतरराष्ट्रीय आहे, आणि २०२४ ला कोपनहेगनची मेजर त्यांनी युक्रेन, लिथुआनिया, फिनलंड आणि रोमानियाच्या खेळाडूंसह जिंकली.

रशियाच्या बाजूला व्हर्टस प्रोच्या (क्लब रशियाचा, २०१४ चा पोलंडचा संघ तेव्हा त्यात उरला नव्हता) खेळाडूंना क्लबचं नाव लावायची परवानगी नव्हती, म्हणून ते 'आउटसायडर्स' या नावाने उतरले. बाहेरचे! त्याच नावाने नोव्हेंबर २०२२ ला रिओची मेजर जिंकले. चषक उचलताना अंगावर ना क्लबचं चिन्ह, ना देशाचा झेंडा.

क्लबच्या नावावर बंदी घालण्याचा निर्णय मला योग्य वाटला, आजही वाटतो. क्लबचा मालक, पैसा, जाहिरात हा एका राज्यव्यवस्थेचा भाग असतो. पण वीस-बावीस वर्षांच्या मुलांना खेळू दिलं हेही योग्यच केलं. दोन्ही गोष्टी एकत्र धरायला जड जातं. माझ्या ओळखीचे युक्रेनचे एक प्रेक्षक आहेत, त्यांच्याशी मी वर्षानुवर्षं रात्री सामने बघत चॅट केलंय. त्यांनी रिओचा अंतिम सामना बघितला नाही. मी त्यांना कधी 'का' विचारलं नाही, विचारणारही नाही.

---

सावध_पाऊल

@पाचवा_नकाशा, यावर माझ्याकडे मुद्दा नाही. वाचून गप्प झालो.

---

हेडसेट_काढून

एक विनंती सगळ्यांना. 'भाडोत्री' हा शब्द आपण इथे तरी वापरू नये. वर मी तो प्रश्न म्हणून लिहिला, पण बऱ्याच चर्चांत तो शिवी म्हणूनच येतो. सतरा-अठरा वर्षांचं पोर घर सोडून परक्या देशात जातं, भाषा येत नाही, जेवण जात नाही, हरलं की दोन हजार लोक त्याच्या देशावरून त्याला बोलतात. जिंकलं तर क्लब जिंकला, हरलं तर 'तो बाहेरचा' हरला. मी हौशी पातळीवर हे थोडं अनुभवलंय आणि तेवढंच पुरे होतं. त्या दीड वर्षात दोनदा वाटलं की सोडून द्यावं, दोन्ही वेळा कारण चॅट होतं, पराभव नव्हता.

---

तिसरा_मॉनिटर

मग राष्ट्रीय संघांच्या स्पर्धाच वाढवल्या तर? क्लबात कुणीही कुठेही खेळावं, झेंड्याची हौस तिकडे भागेल.

---

जुना_झर्ग

@तिसरा_मॉनिटर, कल्पना चांगली आहे, ओव्हरवॉचचा विश्वचषक तसाच होता. पहिली तीन वर्षं कोरिया जिंकली, २०१९ ला अमेरिका. मजा यायची. पण राष्ट्रीय संघ वर्षातून पंधरा दिवस एकत्र असतो. उरलेले साडेअकरा महिने खेळाडूचं पोट क्लब भरतो. म्हणून खरा प्रश्न क्लबच्या नियमांचाच राहतो, आणि तिथे मी आता चांदणी_रात्र यांच्या जवळ सरकलोय. मर्यादा असावी, ती मुक्कामावर असावी, आणि नियम बदलताना जे आधीच आलेले आहेत त्यांना त्यातून वगळावं. पोल्टसारख्या माणसाला दार दाखवून माझ्या घरचं पोर मोठं व्हावं, हे मला तेव्हा चाललं होतं. आज नाही चालणार.

---

चांदणी_रात्र

झर्गदादा, इतक्या मोकळेपणाने लिहिलंत त्याबद्दल आभार. आणि तुमच्या सेरालच्या रात्रीबद्दल माझ्याकडून कधीही वाद नसेल. मीही जागी होते.

---

कळफलक (धागाकर्ता)

धाग्याने मला सुरुवात केली होती त्याहून खूप पुढे नेलं. सगळ्यांचे आभार.

जाता जाता एक आठवण. फेब्रुवारी २०२३, कातोवित्से, स्टारक्राफ्ट टू ची जागतिक अंतिम स्पर्धा. एका बाजूला मारू, कोरियाचा, जीएसएल सर्वांत जास्त वेळा जिंकलेला. दुसऱ्या बाजूला चीनचा ऑलिव्हेरा, ज्याला स्पर्धेआधी कुणी धरलंच नव्हतं. मैदान पोलंडमधलं. म्हणजे दोघंही परके, तिथल्या प्रेक्षकांचं दोघांशी काही नातं नाही.

ऑलिव्हेरा ४-१ ने जिंकला. हातात मायक्रोफोन आला तेव्हा त्याला बोलता येईना, रडत रडत बोलला. सभागृहातले लोक उभे राहिले होते. मी घरी खुर्चीतून कधी उठलो ते मलाही कळलं नाही.